पाजणाऱ्यांची शाळा

हॉटेलात काम केलेल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. टेबल पुसलं की एखादा फडक्याला चिकटूनच येतो! त्यात ते हॉटेल परमिट रूमवालं असेल तर विचारूच नका. कोण रडतो, कोण गातो, कोण शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला मोठा भाऊ मानून त्याच्या पाया पडतो. गिऱ्हाइकाचं नाव विसरतं, चेहरा विसरतो, किस्सा मात्र राहतो.

वसईकडे राजोडीच्या रस्त्यावरच्या एका गार्डन रेस्टॉरंटमध्ये मी अठरा वर्षं काढली. आधी वेटर, मग कॅप्टन, शेवटी मॅनेजर. राहायला चंदनसारला. आमच्या बिल्डिंगच्या गणपतीत आरती झाली की हमखास फर्माईश व्हायची, "कदम, तो मागच्या सीटवाला सांगा!" मी सांगायचो. उभं राहून, नक्कल करून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे.

आता तेच किस्से सांगायला बसलो की मध्येच कान गरम होतात. कारण प्रत्येक किश्श्यात जसा एक पिणारा आहे, तसा एक पाजणाराही आहे. आणि तो मी आहे. तेव्हा ऐका. हसू आलं तर खुशाल हसा. नक्कल मात्र मी या वेळी करणार नाही.

*

तर आधी तो मागच्या सीटवाला.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आमचं हॉटेल म्हणजे नारळाच्या झाडांखाली मांडलेली बावीस टेबलं आणि एका बाजूला बारचा काउंटर. मालक पास्कोलशेट, वसईचेच. रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून ते थेट गल्ल्यावर येऊन बसायचे, आणि बारा वाजल्यापासून मुंबईची, एव्हरशाईन सिटीची, नालासोपाऱ्याची माणसं समुद्रावर जाता जाता आमच्याकडे शिरायची.

माझी ख्याती एकच. रिपीट! गिऱ्हाइकाचा ग्लास रिकामा होण्याआधी मी टेबलाशी हजर. "रिपीट, साहेब?" हे मी अशा आवाजात विचारायचो की नाही म्हणणाऱ्याला आपणच कंजूष वाटावं. शेंगदाण्याला मीठ जरा चढंच मारायचो. पास्कोलशेट सगळ्यांसमोर म्हणायचे, "कदमच्या टेबलावर मासा बसवला तरी तो तहानेने मरेल!"

एकदा दुपारी दीक्षित नावाचे एक गृहस्थ आले. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, जुनी फियाट. "एकच बियर," म्हणाले. "माझी तेवढीच सवय आहे." मी मनात म्हटलं, बघू या! तीन तासांत चार झाल्या. चौथी संपल्यावर ते उठले, नारळाच्या झाडाला "येतो हं" म्हणाले आणि बाहेर गेले.

पंधरा मिनिटं झाली तरी गाडी सुरू झाल्याचा आवाज नाही. मी आणि माझा जोडीदार शिवराम, दोघं बघायला गेलो. शिवराम माझ्यासारखाच कोकणातला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. बघतो तर दीक्षित साहेब गाडीत मागच्या सीटवर पाय पसरून बसलेले! आम्हाला बघून चिडून म्हणाले, "हा माझा ड्रायव्हर गेला कुठे? इतका वेळ हॉर्न तरी वाजवायचा!"

त्यांना ड्रायव्हर नव्हताच. गाडी स्वतःच चालवत आले होते.

आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. मग शिवरामने मागचं दार उघडलं, त्यांना हाताला धरून उतरवलं, पुढे स्टिअरिंगसमोर बसवलं आणि कडक सलाम ठोकला, "साहेब, आज ड्रायव्हर तुम्हीच!"

मी गेट उघडलं. गाडी नागमोडी वळणं घेत गेली. आम्ही दोघं टाटा करत उभे होतो.

इथे लोक टाळ्या द्यायचे. ते घरी पोचले का, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. मलाही माहीत नाही. ते पुन्हा कधी आले नाहीत.

*

पुढचा प्रसंग मी गणपतीत कधी सांगितला नाही.

आमच्याकडे मासळी द्यायला हिरामावशी यायची. राजोडीचीच. सकाळी नऊला टोपली घेऊन किचनच्या दाराशी हजर. मला "दादा" म्हणायची, आणि मासळी देऊन झाली की एक बोंबील जास्तीचा टाकायची. "हा तुला. शेटला नको सांगू!" तिचा नवरा गोविंदा मितभाषी. खांद्यावर जाळं टाकून रस्त्याच्या कडेने चालत जायचा, आमच्या गेटपाशी आला की नुसता हात वर करायचा.

एका रविवारी मुंबईहून चौघे मित्र व्हॅन घेऊन आले. एकाला प्रमोशन मिळालं होतं, त्याची पार्टी. गाडी चालवणारा तोच. त्याच्या एकट्याच्या पाच बियर झाल्या. तो बिल मागायला लागला तेव्हा मी म्हटलं, "काय साहेब, प्रमोशन बियरवर साजरं करतात का?" सगळे हसले. मी त्याला दोन लार्ज पाजले. माझ्या हातचे लार्ज!

निघताना त्याच्या हातातून गाडीची चावी पडली. मी उचलून दिली. पुन्हा पडली. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा मी ती त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं माझ्या हाताने मिटवली. म्हटलं, "सांभाळून जा, साहेब!"

पावणेचार वाजले होते. लख्ख ऊन होतं. केळीच्या वाडीपाशी वळण आहे, तिथे गोविंदा कडेने चालला होता. तो जागीच गेला. गाडी चालवणाऱ्याचं मनगट मोडलं.

तासाभराने हवालदार आला. "इथेच बसले होते ना? किती प्यायले होते?" पास्कोलशेटनी माझ्याकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत. नुसतं बघितलं. मी म्हटलं, "दोन-दोन बियर, साहेब. व्यवस्थित होते. चालत गेले."

महिन्याभराने हिरामावशी पुन्हा टोपली घेऊन आली. घर चालवायचं होतं, येणं भाग होतं. मासळी मोजून झाल्यावर म्हणाली, "दादा, एकच सांग. तो मानूस पायावर उभा व्हता का?"

"होता, मावशी," मी म्हटलं.

तिने मान हलवली. टोपली उचलली. आणि नेहमीसारखा एक बोंबील जास्तीचा टाकून गेली.

*

त्यानंतर काही महिन्यांनी पास्कोलशेटची भाची लोर्ना सुट्टीवर आली. ती परदेशी प्रवासी जहाजावर बारमध्ये कामाला होती. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. मामाकडे जेवायला आली, दुपारभर एका कोपऱ्यात बसून आमचं काम बघत राहिली, आणि संध्याकाळी मामाला म्हणाली, "मामा, तुमच्या वेटर लोकांना शिकवायला पाहिजे."

"इतकी वर्षं पाजतायत ते! आता काय शिकवणार?"

"कधी थांबायचं ते. आमच्या जहाजावर हा कोर्स केल्याशिवाय ग्लासला हात लावू देत नाहीत."

"मी बार चालवतो, सनडे स्कूल नाही!" पास्कोलशेट ओरडले.

लोर्ना शांतपणे म्हणाली, "मामा, चर्चबाहेर लोक तुमच्याशी बोलायचे बंद झालेत. का ते तुम्हाला माहितीये."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू झाली. सकाळी दहा ते अकरा, चार दिवस. आम्ही नऊ जण बाकांवर, समोर लोर्ना मॅडम.

पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना न मोजता तीस एमएलचा पेग ओतायला सांगितला. ग्लासात पाणीच, पण शाळकरी पोरासारखं ओतायची लाज वाटत होती. मग मापाने मोजलं. शिवरामचा निघाला पस्तीस. माझा पन्नास! मी जरा छाती काढली. "गिऱ्हाईक आपल्या हातावर खूश असतं, मॅडम."

ती म्हणाली, "म्हणजे तो घरी सांगतो, दोनच घेतले. आणि तो खोटं बोलत नसतो. खोटं तुमचा हात बोलतो."

छाती आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर तीन गोल काढले. हिरवा, पिवळा, लाल. गिऱ्हाईक नीट बोलतंय, खातंय, तो हिरवा. आवाज चढला, तीच गोष्ट पुन्हा सांगायला लागला, तो पिवळा. तिथेच हात आखडायचा, जेवण पुढे करायचं, पाणी ठेवायचं. जीभ जड झाली, कोपर टेबलावरून घसरलं, हातातली वस्तू पडली, तो लाल. लालला एक थेंबही नाही, आणि गाडी तर नाहीच. "सिग्नलसारखं लक्षात ठेवा," ती म्हणाली.

शिवरामने हात वर केला. "मॅडम, पण आमच्याकडे रस्त्यावर सिग्नलच नाही!"

सगळे हसले. तीही हसली. मी हसलो नाही. 'हातातली वस्तू पडली' यावरच मी अडकलो होतो.

मग शिवराम लिंबूपाण्यावर आला. त्याच्या गावी म्हणे लिंबू चोळून माणसं शुद्धीवर आणतात. "निदान कॉफी तरी देऊ, मॅडम? कडक कॉफीने उतरते ना?"

"कॉफीने झोप उतरते, दारू नाही. दारू फक्त वेळेने उतरते. तुम्ही कॉफी पाजलीत तर जागा असलेला बेवडा गाडी चालवेल, एवढंच!"

चौथ्या दिवशी होतं 'नाही' म्हणायला शिकणं. शिवराम झाला गिऱ्हाईक, मी वेटर. शिवरामने असा काही झोक जाऊन आवाज लावला, "ए कदम, एक लार्ज आण!" की मी म्हटलं "आणतो साहेब!" आणि खरोखर काउंटरकडे निघालो! बाक हलले इतके सगळे हसले.

लोर्ना मॅडमने मला परत बोलावलं. "पुन्हा. म्हणा, साहेब, आता मी तुम्हाला देणार नाही. जेवण आणतो, रिक्षा बोलावतो."

अठ्ठावीस वर्षांच्या पोरीसमोर चाळीस वर्षांचा बाप्या मी. पाच वेळा घोटवून घेतलं तिने माझ्याकडून. शेवटी जमलं. तेव्हा तिने सहज विचारलं, "कदमदादा, हे वाक्य तुम्ही पहिल्यांदा कुणाला म्हणायला पाहिजे होतं?"

बाकांवरचं हसू थांबलं. त्या नऊ जणांत असा एकही नव्हता ज्याला उत्तर माहीत नव्हतं. गल्ल्यावर पास्कोलशेट पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही.

*

शाळा झाली, परीक्षा राहिली होती. लोर्ना मॅडम जहाजावर परत जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी माझं पहिलं लाल गिऱ्हाईक पकडलं.

साठीचे एक गृहस्थ रिक्षातून उतरले. पाय ओढत, भिंतीला धरत आत आले. बसताना खुर्ची हलली. जीभ इतकी जड की शब्द कळेना. मला आनंदच झाला! असा ठळक लाल मिळेल असं वाटलं नव्हतं. मी ताठ उभा राहिलो आणि बावीस टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "साहेब, आता मी तुम्हाला देणार नाही! जेवण आणतो, रिक्षा बोलावतो!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खिशातून कागद-पेन काढलं, डाव्या हाताने सावकाश लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

'मला अर्धांगवायू होऊन गेला आहे. मी जेवायलाच आलो आहे. एक सुरमई थाळी.'

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला! मी हात जोडले. त्यांनी कागद परत घेतला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. 'सोलकढी चालेल का?'

लोर्ना मॅडम कोपऱ्यातून बघत होती. मला वाटलं झापेल. ती म्हणाली, "तुम्ही शेवटची पायरी आधी चढलात. आधी माणसाजवळ जायचं. बोलायचं. ऐकायचं. आणि नाही म्हणायचं ते हळू, त्याला एकट्याला ऐकू जाईल असं. माणसाची अब्रू राखून चावी घ्यायची असते, दादा."

मी म्हटलं, "मॅडम, पाजणं फार सोपं होतं हो."

*

चाव्यांवरून आठवले डॉक्टर.

काउंटरमागे आम्ही खिळ्यांची एक फळी लावली होती. गिऱ्हाईक लाल झालं की चावी फळीवर, गाडी आवारात, माणूस रिक्षात. गेटजवळच्या रिक्षावाल्यांना सांगून ठेवलं होतं. पहिल्या वर्षी काय शिव्या खाल्ल्या आम्ही! नेहमीची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. पास्कोलशेट रोज एकदा तरी म्हणायचे, "फळी काढून टाकू का रे?" आणि रोज काढायची राहायची.

डॉक्टर आमचे जुने गिऱ्हाईक. नालासोपाऱ्यात दवाखाना. एका दुपारी त्यांची तिसरी झाली, गोष्ट तीच चौथ्यांदा सांगून झाली, आणि मी हळू आवाजात चावी मागितली. डॉक्टर भडकले. "मी डॉक्टर आहे! माझी लिमिट मला तू सांगणार? थांब, पुरावा देतो!"

त्यांनी खिशातून प्रिस्क्रिप्शनचं पॅड काढलं आणि फराफरा चार ओळी लिहिल्या. "हे बघ! हात थरथरतोय का? आहे का प्यायलेल्या माणसाचं अक्षर?"

शिवरामने कागद उलटा-सुलटा करून बघितला. "साहेब, हा पुरावा धरता येणार नाही. तुमचं एरवीही वाचता येत नाही!"

डॉक्टर स्वतःच हसले, आणि हसता हसता चावी टेबलावर टाकली. रिक्षाने गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी न्यायला आले. शिवरामने तो कागद जपून ठेवला होता. "साहेब, काय लिहिलं होतंत तेवढं सांगा ना!"

डॉक्टरांनी चष्मा लावला. कागद जवळ धरला, लांब धरला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चावी दे." जाताना थांबले. "कदम, काल दुपारनंतर मला दवाखाना होता. तू अडवलं नसतंस तर मी गेलो असतो. पेशंट तपासले असते."

त्यांचा चेहरा पडला होता. तो चेहरा मी ओळखत होतो. मी रोज आरशात बघत होतो.

*

गोविंदाला जाऊन दोन वर्षं होत आली तेव्हा मी एकदाचं हिरामावशीला सांगितलं.

ठरवून नव्हतं. ती मासळी मोजत होती, बोंबील टाकायला तिने हात उचलला, आणि माझ्याच्याने तो घेववेना. म्हटलं, "मावशी, नको. मी खोटं बोललो होतो. त्या माणसाला उभं राहता येत नव्हतं. चावी तीनदा पडली त्याच्या हातून. मी उचलून दिली. दारूही मीच पाजली. तो नको म्हणत होता तरी."

ती बोंबील हातात धरून उभी राहिली.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "अख्ख्या गावाला ठाव व्हतं. दुपारी गाडी कशी चालली व्हती ते सगळ्यांनी बघितलं."

"मग मला का विचारलंस?"

"तू काय सांगतो ते बघायला. मग रोज बोंबील टाकत गेले. म्हनलं, आज बोलेल. उद्या बोलेल. दोन वर्सं, दादा!"

मला रडू आलं. मी म्हटलं, "मावशी, आता मी कुणाला तसं जाऊ देत नाही. चावी काढून घेतो."

"चांगलं करतोस," ती म्हणाली. "त्याने माझं मानूस येनार नाय. पन चांगलं करतोस."

तिने तो बोंबील परत टोपलीत टाकला. दुसऱ्या दिवसापासून मासळी घेऊन तिची सून यायला लागली. ती माझ्याकडे न बघता मासळी मोजायची.

तुम्ही विचाराल, पोलिसांकडे जाऊन खरं सांगितलंस का? नाही. पास्कोलशेट म्हणाले, "आता उकरून काय मिळणार?" आणि मला तेवढं निमित्त पुरलं. लाज वाटून घेणं आणि लाजेपोटी काही करणं यात किती अंतर असतं, ते मला त्या दिवशी कळलं. आजही ते मी पार केलेलं नाही.

*

एक राहिला. माझ्याकडच्या किश्श्यांत मला हाच सगळ्यात मोलाचा वाटतो.

पाटकर साहेब एव्हरशाईन सिटीत राहायचे. महिन्यातून एका रविवारी आईला घेऊन यायचे. आजी पंच्याहत्तरीच्या, नऊवारीतल्या, बारीक चणीच्या. त्यांना समुद्र बघायचा असायचा आणि सुरमई खायची असायची. मुलगा मायाळू. काटे काढून आईच्या ताटात द्यायचा. फक्त पिणं भयंकर. घरून निघतानाच सुरुवात झालेली असायची. गाडीतून उतरले की वास यायचा, आणि आमच्याकडे चार-पाच व्हायच्याच.

आजी गाडीत मागे बसायच्या. आम्हाला त्यांची एक मोठी गंमत वाटायची. गाडी गेटमधून आत यायची तेव्हा आजींचे डोळे मिटलेले. परत निघायची तेव्हा गेटबाहेर पडायच्या आधीच मिटलेले. दोन्ही हातांनी पुढची सीट गच्च धरलेली, आणि झोप! शिवराम म्हणायचा, "आजींना झोपेत पण पडायची भीती!"

लोर्ना मॅडमच्या शाळेनंतरही पाटकर साहेबांना आम्ही सूट देत होतो. पास्कोलशेटचे मित्र. शिवाय घरचा माणूस, आई बरोबर असलेला. असा माणूस काय धोक्याचा, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

एका रविवारी ते आले तेच भिंतीला टेकत. दोन झाल्या. तिसरीला मी जवळ गेलो, वाकलो, त्यांना एकट्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "साहेब, आज इथपर्यंतच. जेवण आणतो. जाताना रिक्षा बोलावतो."

त्यांनी टेबलावर हात आपटला. "मला? मला नाही म्हणतोस? सहा वर्षं येतोय मी इथे! सहा वर्षं तूच ओततोयस!"

सगळी टेबलं वळून बघायला लागली. त्यांचा एकही शब्द खोटा नव्हता. म्हटलं, "हो साहेब. सहा वर्षं मीच ओतली. चुकलो. आज चावी द्या."

त्यांनी पास्कोलशेटकडे बघितलं. पास्कोलशेट गल्ल्यावरून उठले. मला वाटलं, आता मला गप्प करणार. त्यांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दे रे. मी एकदा गप्प बसलोय. पुन्हा नाही."

पाटकर साहेबांनी चावी सुरमईच्या रश्श्यात फेकली. मी ती काढली, धुतली, फळीवर लावली. आजी इतका वेळ ताटाकडे बघत बसल्या होत्या.

जेवणं झाली. गेटवरचा भास्कर रिक्षा घेऊन आत आला. साहेबांना एका बाजूला बसवलं, ते बसल्या बसल्या घोरायला लागले. आजींना मी हात दिला. त्यांनी माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग सोडला आणि पदर सावरून बसल्या.

भास्कर पाच वाजता परत आला. चहा मागवला आणि खुर्चीवर टेकला.

"सोडलं नीट?" मी विचारलं.

"सोडलं. साहेब तर अख्खा रस्ता झोपलेले. पण म्हातारी कसली आहे हो! एक मिनिट गप्प नाही. हे झाड कसलं, ते देऊळ कधी बांधलं, ही वाडी कुणाची. मान नुसती इकडून तिकडे, इकडून तिकडे! तळ्यापाशी तर मला रिक्षा थांबवायला लावली. पाच मिनिटं कमळं बघत बसली."

"मग?"

"मग काय! मला म्हणते, 'अरे, सहा वर्षं येते मी या रस्त्याने. इथे एवढं मोठं तळं आहे, हे मला आज कळलं!'"